गवताची टोयोटा आणि डोक्यावरची चुंबळ: वाळवंटातल्या जान्पी विणकरणींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या फडताळावर गवताची एक वाटोळी टोपली आहे. घरी येणारा प्रत्येक जण ती उचलतो, आधी वास घेतो, मग उलटी करून बूड बघतो आणि विचारतो, "ही कुठली?" ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटात आदिवासी बायका विणतात, असं सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. तेच इथे उत्तरांसकट लिहून ठेवले आहेत.

जान्पी म्हणजे नक्की काय?

जान्पी म्हणजे गवत. पिजंजाजरा आणि तिच्या शेजारच्या भाषांमधला हा शब्द. काट्यासारख्या टोकदार स्पिनिफेक्स गवतालाही जान्पी म्हणतात. 'जान्पी डेझर्ट वीव्हर्स' हा या बायकांचा उद्योग. नफा कमावण्यासाठी काढलेली ही कंपनी नव्हे. 'ङान्याजरा पिजंजाजरा यांकुन्जाजरा विमेन्स कौन्सिल' नावाची बायकांची संघटना आहे, तिचा हा एक विभाग. २६ वस्त्यांमधल्या ४०० हून जास्त बायका यासाठी विणतात. मुख्य ठिकाण ॲलिस स्प्रिंग्ज, मध्य ऑस्ट्रेलियातलं शहर.

संघटना १९८० सालची. त्याआधीच्या दशकात जमिनीच्या हक्कांच्या वाटाघाटी चालू होत्या, बैठकांमध्ये पुरुष बोलत आणि बायकांचं कुणी ऐकत नसे. तेव्हा बायकांनी आपली वेगळी संघटना काढली. घरातली मारहाण, अपंगांची काळजी, तरुण मुलं, पारंपरिक वैद्य अशी बरीच कामं ती करते. विणकाम त्यातलं एक.

हे वाळवंट आहे तरी कुठे आणि केवढं?

पश्चिम ऑस्ट्रेलिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी या तिघांच्या सीमा जिथे भेटतात, त्या टोकाभोवतीचा सगळा मुलूख. सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा प्रदेश आणि त्यात राहणारी स्थानिक माणसं सहा हजारांच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या मोठ्या गावात याहून जास्त मतदार निघतील.

वाळवंट म्हटल्यावर डोळ्यापुढे राजस्थानच्या टेकड्या आणू नका. इथली माती तांबडी, मधे मधे झुडपं, गवताचे झुबके, अंगावर पट्टे असलेल्या खडकाळ डोंगररांगा. उलुरू, म्हणजे पर्यटकांच्या फोटोतला तो लाल खडक, याच मुलखात आहे. पण वस्त्या त्याच्यापासून लांब लांब पसरलेल्या: पापुलांकुजा, वाराकुर्ना, इरुन्जू, अमाता, पुकाजा, मिमिली, कल्टुकाजरा. दोन वस्त्यांच्या मधे शंभर-दोनशे किलोमीटर कच्चा रस्ता असणं ही तिथली रोजची गोष्ट.

ही किती हजार वर्षांची परंपरा आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर ऐकून चेहरे जरा पडतात. ही टोपली विणण्याची पद्धत तिथे १९९५ साली आली.

त्या वर्षी संघटनेने ङान्याजरा भागात टोपल्या विणायच्या कार्यशाळा घेतल्या, पापुलांकुजा ही त्यातली सुरुवातीची वस्ती. बायकांचं मागणं साधं होतं: आपली जागा न सोडता, पोरंबाळं आणि म्हाताऱ्या माणसांना सांभाळून, आपल्या रीतीभातीत बसेल असं काहीतरी काम हवं, ज्यातून दोन पैसे मिळतील. टोपली त्यात बसली. ती घरी बसून होते, कुठेही नेता येते, मधेच सोडून उद्या पुढे चालू करता येते. एकीने बहिणीला शिकवली, बहिणीने पुढच्या वस्तीतल्या नणंदेला. थोड्याच वर्षांत सगळ्या मुलखात पसरली.

आदिवासी म्हटलं की आपल्याला सगळं 'अनादी काळापासून' हवं असतं. त्यांनी नवीन काही शिकलं तर ते जणू भेसळीचं. पण आपल्या आज्यांनी शिवणयंत्र हातात घेतलं तेव्हा त्यांच्या गोधड्या खोट्या झाल्या नाहीत. या बायकांनी बाहेरून आलेलं एक तंत्र उचललं आणि दहा वर्षांच्या आत त्याचं असं काही केलं की शिकवणाऱ्यांनाही ते सुचलं नसतं. मला या सगळ्यात रस वाटतो तो यासाठीच.

मग त्याआधी त्या काही विणतच नव्हत्या का?

तसं अजिबात नाही. टोपली नवीन, तंतूंची ओळख जुनी.

यातली एक वस्तू मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. तिचं नाव मणगुरी. बायका लाकडी परात, तिकडे तिला पिटी म्हणतात, डोक्यावर घेऊन मैलोनमैल चालायच्या. परातीत पाणी असे, वेचलेलं बी असे. परात हलू नये म्हणून डोक्यावर एक कडं ठेवायच्या. गवताचं, केसांच्या दोऱ्याचं, प्राण्यांच्या लोकरीचं, कधी पिसांचं. म्हणजे चुंबळ! आपल्याकडे जुन्या लुगड्याची पट्टी पिळून करायची, त्यांच्याकडे लुगडं नव्हतं म्हणून केसांची. पहिल्यांदा चित्र पाहिलं तेव्हा मला माझी आजी आठवली. हंडा नसला तरी ती चुंबळ बोटात फिरवत बोलायची.

केसांचा दोरा ही तर स्वतंत्र कला. कापलेले केस टाकून द्यायचे नाहीत. लाकडी चातीवर, मांडीवर घोळवत त्यांचा दोरा काढायचा. त्याचे कमरपट्टे, डोक्याचे पट्टे, चुंबळी होत. पुढे १९३७ साली एर्नाबेला इथे, म्हणजे आजच्या पुकाजात, प्रेस्बिटेरियन मिशन आलं. तिथे मेंढ्या होत्या. १९४८ मध्ये हस्तकलेची खोली सुरू झाली आणि बायकांनी मेंढीची लोकर त्याच जुन्या चातीवर कातायला घेतली. ते केंद्र आजही चालू आहे, देशातलं सगळ्यात जुनं, अखंड चाललेलं आदिवासी कलाकेंद्र म्हणून ते ओळखलं जातं. तेव्हा १९९५ ची कार्यशाळा कोऱ्या हातांवर झाली नव्हती.

टोपली आपल्या बुरुडाच्या टोपलीसारखीच विणतात का?

नाही. बुरूड उभ्या-आडव्या कामट्या एकमेकींत गुंफतो. इथे गुंफण नाही, वेटोळं आहे. चकली पाडतो तशी गवताची जुडी मधून सुरू करून गोल गोल फिरवायची आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला टाके घालून शिवत जायचं. म्हणजे हे निम्मं विणकाम आणि निम्मी गोधडी. आपल्या देशात याच्या जवळचं काही बघायचं तर मिथिलेतलं सिक्की गवताचं काम बघावं.

मी घरी एकदा फुलझाडूच्या काड्या, सुतळी आणि पोती शिवायची दाभण घेऊन बसलो होतो. पेन्सिलीएवढी जाड जुडी घ्यायची, तिचं टोक सुतळीने गुंडाळून वाकवायचं आणि शर्टाच्या बटणाएवढी गाठ करायची. इथेच पहिला अर्धा तास गेला. काड्या मोडतात, बटण सुटतं. एकदा बटण बसलं की मग दाभण खालच्या फेऱ्यात घुसवायची, वर काढायची, ओढायची. जुडी बारीक झाली की मधे नवीन काड्या खुपसायच्या, पण अशा की जोड दिसू नये. सगळी खुबी इथे आहे. माझी टोपली दोन ठिकाणी अजगराने उंदीर गिळल्यासारखी फुगली. भिंत वर न्यायची तर नवा फेरा जुन्याच्या शेजारी न ठेवता डोक्यावर ठेवायचा. किती तिरपा ठेवला त्यावर टोपली उघडी ताटली होणार की मडकं, हे ठरतं. शेवटी माझी टोपली दोन्हीपैकी काहीच झाली नाही, तिला आमच्याकडे 'अॅश ट्रे' म्हणतात.

तिथल्या बायका हे सगळं तांबड्या मातीवर पाय पसरून, गप्पा मारत, शेजारी चहाचं डबडं उकळत असताना, बहुतेक वेळा हाताकडे न बघता करतात. शिवायला रॅफिया नावाचा रंगवलेला तंतू असतो, तो मूळचा मादागास्करच्या ताडाचा. लोकर, सुतळी, दोरे हेही चालतं. मधे एमूची पिसं खोचतात. लाल चुटूक बिया ओवतात, त्यांना इनिंती म्हणतात. या बियांचं झाड आपल्या पांगाऱ्याच्या सख्ख्या कुळातलं आहे. पांगाऱ्याच्या लाल बिया दगडावर घासून मित्राला चटका दिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

गवत कुठून आणतात?

रानातून, आणि हा भाग टोपलीपेक्षा महत्त्वाचा आहे असं मला वाटतं.

गवत आणायला जाणं म्हणजे सगळी गाडी भरून जाणं. म्हाताऱ्या, लेकी, नाती, कुत्री, पाण्याचे डबे, पीठ, चहा. टोपल्यांना मिनारी नावाचं मऊ, बारीक गवत आवडतं. वांगुनू हेही चालतं. वांगुनूचं बी पूर्वी दगडावर दळून त्याची भाकरी निखाऱ्यात भाजत, म्हणजे एकाच रोपातून पोट आणि टोपली दोन्ही. गवत मुळाशी सैल करायचं, माती झटकायची, जुड्या बांधायच्या. कामाच्या मधेच कुणाला घोरपडीचं बीळ दिसतं, कुणाला झुडपाच्या मुळाशी माकू म्हणजे जाड पांढऱ्या अळ्या सापडतात, आणि गवत तसंच ठेवून सगळ्या खणायला बसतात. पोरींना कुठला डोंगर कुणाचा, कुठल्या पाणवठ्याला कुणी जायचं नाही, हे अशा वेळी कळतं. कुठल्याही वर्गात हे शिकवता येणार नाही.

गालात बहुतेकींच्या मिंकुल्पा असतो, म्हणजे रानतंबाखू, झाडाच्या राखेत मळलेला. आपण चुना लावतो, त्या राख लावतात. रसायनशास्त्र तेच.

इतक्या वर्षांत गवत संपत नाही का?

कापल्याने नाही संपत. संकट दुसरीकडून आलं आहे, आणि ते आपल्या ओळखीचं आहे. आपल्याकडे कुरणात ज्याला अंजन गवत म्हणतात, तेच तिकडे 'बफेल ग्रास' नावाने माजलं आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश हिंदुस्थान आणि आसपासच्या मुलखांतून उंट आणि उंटवाले ऑस्ट्रेलियात नेले गेले. त्या उंटांच्या खोगिरात भरलेल्या गवतातून याचं बी प्रथम सांडलं असं सांगतात. नंतर गुरांच्या चाऱ्यासाठी आणि धूळ बसवण्यासाठी सरकारी पातळीवर मुद्दाम पेरलंही. आपल्याकडे गुणी असलेलं हे गवत तिथे स्थानिक गवतांना आणि खाण्याच्या वनस्पतींना रेटून बाहेर काढतं, आणि पेटलं की फार कडक पेटतं. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०१५ साली त्याला अधिकृतपणे तण म्हणून जाहीर केलं. ज्या माळावर आईसोबत मिनारी काढलं तिथे आता बफेल आहे, असं म्हणणाऱ्या बायका तिथे वस्तीवस्तीत आहेत.

उंट अजूनही आहेत. मोकाट झालेत, पाणवठे नासवतात. आणि गवताचे विणलेले उंटही आहेत, चेहऱ्यावर तोच तुसडा भाव घेऊन.

टोपलीवरून प्राणी आणि माणसं कशी सुरू झाली?

टोपलीला कान लावले की कप होतो. कपाला पाय लावले की काहीतरी प्राणी होतो. असंच झालं असणार. कार्यशाळा सुरू झाल्यावर काही वर्षांतच बायकांनी वेटोळं सोडून गवत हवं तसं बांधायला, वळायला, लोकरीने लपेटायला सुरुवात केली. कुत्रे सगळ्यात जास्त. पिजंजाजरात कुत्र्याला 'पापा' म्हणतात, हे कळल्यापासून आमच्या घरी एका व्यक्तीला फार त्रास झाला आहे. पक्षी आहेत, त्यांना जुल्पु म्हणतात, डोक्यावर एमूच्या पिसांचा तुरा. घोरपडी, ससे, बायका, बाळं.

हे पुतळे 'गोड' नसतात, निदान चांगले नसतात. टोपलीत मोजमाप असतं, पुतळ्यात खोडसाळपणा असतो. कुत्र्याची एक बाजू जांभळी आणि दुसरी हिरवी का, असं विचारू नये.

गवताची टोयोटा खरंच विणली होती?

खरंच. खऱ्या गाडीएवढी. २००५ साली पापुलांकुजाच्या बायकांनी कांजुपायी बेन्सन यांच्या पुढाकाराने धातूच्या सांगाड्यावर गवत शिवून टोयोटा उभी केली. ती डार्विनला त्या वर्षीच्या, म्हणजे बाविसाव्या, राष्ट्रीय आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनी बेटवासी कला पुरस्काराला पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. देशातला या क्षेत्रातला हा सगळ्यात मानाचा पुरस्कार. तोवर वाळवंटातली कला म्हटलं की लोकांना कॅनव्हासवरची ठिपक्यांची चित्रंच आठवत. आणि आता जिंकली एक गवताची गाडी, पंचवीस-तीस वर्षांची कलासमीक्षा गालातल्या गालात चिरडत.

टोयोटाच का? वाळवंटात टोयोटा म्हणजे एखादं मॉडेल नव्हे, ते चार चाकं ओढणाऱ्या कुठल्याही दणकट गाडीचं सामान्यनाम आहे. आपल्याकडे जीप म्हणतात तसं. टोयोटा असली तर शिकारीला जाता येतं, गवत आणता येतं, तीनशे किलोमीटरवरच्या अंत्यविधीला पोचता येतं. नसली तर वस्तीत अडकून पडायचं. त्यामुळे वस्तीत सगळ्यात जास्त भांडणं गाडीवरून होतात आणि सगळ्यात जास्त स्वप्नंही गाडीचीच. ज्या गाडीने गवत आणायचं तीच गवताची केली, यातला विनोद त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

'सात बहिणी' म्हणजे आपल्या कृत्तिकाच का?

तारे तेच. पिजंजाजरात त्यांचं नाव कुंकारंकाल्पा. गोष्ट अशी: सात बहिणी मुलखातून चालल्या आहेत आणि वाती न्यिरू नावाचा पुरुष त्यांच्या मागे लागला आहे. त्याचा डोळा थोरल्या बहिणीवर. तो रूप बदलतो, कधी फळझाड होतो, कधी साप. बहिणी त्याला ओळखतात, फसवतात, एकमेकींना वाचवतात. जिथे थांबल्या तिथे पाणवठा झाला, जिथे लपल्या तिथे गुहा. शेवटी त्या आकाशात उडाल्या आणि तोही मागे गेला. आपण ज्याला मृग नक्षत्र म्हणतो त्या भागात तो आजही आहे. हिवाळ्यात रात्री गच्चीवर जाऊन बघा: कृत्तिका पुढे, मग रोहिणी, मग मृग. आपल्या पुराणातही इथे पाठलागच आहे, रोहिणीमागे हरीण आणि हरणामागे व्याध. आपल्या कृत्तिका सहा आणि कार्तिकेयाच्या आया, त्यांच्या सात आणि कुणाच्याच हाती न लागणाऱ्या.

या मुलखातल्या वडीलधाऱ्यांच्याच आग्रहावरून कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयाने या गोष्टीच्या वाटा टिपल्या. २०१७ मध्ये तिथे मोठं प्रदर्शन भरलं, पुढे ते इंग्लंडमध्ये प्लिमथला, बर्लिनला, पॅरिसला गेलं. त्यात जान्पीच्या बायकांनी विणलेल्या माणसाएवढ्या बहिणी होत्या, काही छताला टांगलेल्या, उडत निघालेल्या. चित्रात बहीण म्हणजे एक ठिपका असतो. इथे तिला वजन होतं, पिसांचे केस होते, आणि ती आपल्या डोक्यावरून पळत होती.

मग ती पूर्ण गोष्ट इथे का नाही दिली?

कारण ती पूर्ण सांगायचा हक्क माझा नाही. यांना ती मनोरंजनाची कथा वाटत नाही. जुकुर्पा हा त्यांचा शब्द, त्यात निर्मिती, कायदा, जमिनीचा सातबारा आणि वागण्याचे नियम सगळं एकत्र येतं. काही भाग फक्त बायकांचे, काही फक्त पुरुषांचे, काही ठरावीक वयानंतरचे. बाहेर जे दाखवतात ते दाखवायला हरकत नसलेलं असतं.

कलाकाराच्या नावाआधी 'कुन्मनारा' का लिहितात?

माणूस गेल्यावर काही काळ त्याचं नाव उच्चारत नाहीत, त्याऐवजी 'कुन्मनारा' म्हणतात. त्याच नावाचा दुसरा कुणी असेल तर त्यालाही तेवढ्या काळापुरतं हे पर्यायी नाव. संग्रहालयात पाटीवर दिसलं तर ते आडनाव समजू नका.

व्हेनिसला गेलेलं काम कुठलं?

२०१४ मध्ये फिओना हॉल या ऑस्ट्रेलियन कलावतीने इरुन्जूजवळ या बायकांबरोबर छावणी केली. विषय होता हरवलेले प्राणी. मध्य ऑस्ट्रेलियातले कितीतरी लहान-मध्यम प्राणी कोल्हे आणि मोकाट मांजरांनी संपवले. म्हाताऱ्यांना त्यांची चव आठवते, नातवंडांनी त्यांना पाहिलेलंही नाही. हे प्राणी गवताबरोबर लष्करी कॅमोफ्लाज कापड वापरून विणले. कापड उगाच निवडलं नव्हतं. १९५३ साली एमू फील्डला आणि १९५६ पासून मारालिंगाला ब्रिटिशांनी अणुचाचण्या केल्या, त्या याच लोकांच्या मुलखाच्या अंगणात. पहिल्या चाचणीनंतर वस्तीवरून गेलेल्या काळ्या धुक्याबद्दल पुढे १९८० च्या दशकात चौकशी आयोगापुढे साक्षी झाल्या. २०१५ मध्ये हे प्राणी व्हेनिस द्वैवार्षिकात, म्हणजे तिथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, ऑस्ट्रेलियाच्या दालनात होते.

बायकांना पैसे किती आणि कसे मिळतात?

रक्कम टोपलीगणिक वेगळी. पद्धत अशी की जान्पीची माणसं गाडी घेऊन वस्त्यांवर फिरतात, तयार काम तिथेच विकत घेतात आणि तिथेच पैसे देतात. वस्तू विकली गेली की मग बघू, असं नाही. येताना रॅफिया, सुया, लोकर आणतात, गवत आणायच्या सहलींना गाडी देतात. वस्तू पुढे वर्षभर ॲलिस स्प्रिंग्जच्या फडताळात राहिली तरी तो धोका उद्योगाचा. हस्तकलेच्या धंद्यात कारागिराचे पैसे किती महिने अडकतात हे ज्यांनी आपल्याकडे पाहिलंय त्यांना याचं मोल कळेल. वस्तीत नोकऱ्या मोजक्या, दुकानातला भाजीपाला महाग. बऱ्याच जणींसाठी सरकारी भत्त्याशिवाय स्वतःच्या कष्टाचा पैसा म्हणजे हाच.

पुरुष विणत नाहीत?

जान्पी बायकांचीच आहे. लाकडी काम, ज्याला पुणू म्हणतात, ते दोघंही करतात.

ही नावं उच्चारायची कशी?

मराठी माणसाला इंग्रजापेक्षा सोपी. त्यांच्याकडे 'ण' आहे. लोकांना ते अणङू म्हणतात, आणि गोऱ्या ऑस्ट्रेलियन माणसाला हा शब्द नीट म्हणता म्हणता घाम फुटतो. 'ङ' शब्दाच्या सुरुवातीलाही येतो, तिथे मात्र आपली पंचाईत. 'वाङ्मय' म्हणा, मग त्यातला 'वा' गिळून टाका, की ङान्याजरा जमेल. च आणि ज यांत ते फरक करत नाहीत, म्हणून जान्पी कुणी चान्पी म्हटलं तरी चूक नाही.

खरी वस्तू कशी ओळखायची?

कुणी केली, कुठल्या वस्तीत केली, हे विक्रेत्याला विचारा. जान्पीच्या कामासोबत विणणारीचं नाव येतं. "आदिवासी शैलीतलं" एवढंच उत्तर आलं तर पुढे चला. २०२२ च्या सरकारी अहवालाप्रमाणे पर्यटकांच्या अशा भेटवस्तूंवरचा निम्म्याहून जास्त खर्च खोट्या मालावर होतो. इंडोनेशियात बनवलेला माल ऑस्ट्रेलियन आदिवासींचा म्हणून विकल्याबद्दल २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने एका घाऊक व्यापाऱ्याला २३ लाख डॉलर दंड केला. मलाही एका बाजारात 'डेझर्ट बास्केट' म्हणून एक टोपली दाखवली होती. बुडाला बांबूची कामटी होती. मिनारीच्या मुलखात बांबू!

वस्तीवर जाऊन विणताना बघता येईल?

उठून जाता येत नाही. जमीन त्यांची आहे आणि बहुतेक भागात शिरायला आधी परवाना लागतो. उलुरूला गेलात तर ॲलिस स्प्रिंग्जला एक दिवस ठेवा, जान्पीची गॅलरी तिथे आहे. कुणी विणताना भेटल्या तर विचारल्याशिवाय फोटो काढू नका. शेजारी बसा. बहुधा तुमच्याही हातात गवताची जुडी येईल.

आपण शिकून विणलं तर चालेल?

वेटोळं शिवणं कुणाच्या मालकीचं नाही, त्यांनीही ते शिकूनच घेतलं. खुशाल विणा. फक्त सात बहिणी विणून प्रदर्शनात मांडू नका. आपल्या कृत्तिका विणा की.

मुंबईच्या पावसाळ्यात टोपली टिकते का?

कोरड्या हवेत जन्मलेली वस्तू आहे, तिला जुलै मानवत नाही. आमच्या टोपलीला पहिल्याच वर्षी बुडाशी पांढरी बुरशी आली. कोरड्या दाढीच्या ब्रशने झटकली, दोन दिवस पंख्याखाली सावलीत ठेवली, गेली. उन्हात टाकू नका, रॅफियाचा रंग उडतो. ओलं फडकं लावू नका. भिंतीला चिकटून ठेवू नका, आणि पावसाळ्यात आत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. किल्ल्या, सुटे पैसे, लसूण काहीही ठेवा, पण कांदे नकोत. एकदा ठेवले होते. गवताचा वास गेला तो परत यायला दिवाळी उजाडली.